भाऊ मोजणारा स्वल्पविराम

‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे इज अ डॉक्टर.’ या वाक्यात स्वल्पविराम नाही, म्हणजे बोलणाऱ्याला भाऊ अनेक. त्यांतला जो पुण्याचा, तो डॉक्टर. ‘हू’च्या आधी आणि ‘पुणे’नंतर स्वल्पविराम टाका, की भाऊ एकच उरला आणि पुणे ही जादाची माहिती झाली. एवढ्याशा चिन्हाला भाऊ मोजायला बसवले कोणी?

चिन्हाचा जन्म परिचितच आहे: आधी ग्रीकांचे ठिपके, मग पंधराव्या शतकाअखेर व्हेनिसमध्ये आल्डुस मानुशिउसच्या छापखान्यातले वळणदार रूप. पण तेव्हा त्याचे काम मुख्यतः वाचणाऱ्याला कुठे थांबायचे ते सांगण्याचे.

भाऊ मोजण्याचे मूळ मला सापडते ते पोर-रॉयाल या फ्रेंच मठाच्या वर्तुळात. आंत्वान आर्नो आणि पिएर निकोल यांनी १६६२ मध्ये तर्कशास्त्राचा ग्रंथ काढला. त्यात ‘हू लिव्ह्ज इन पुणे’सारख्या संबंधी उपवाक्यांच्या दोन जाती केल्या: नुसती फोड करणारे आणि अर्थाला कुंपण घालणारे. त्यांना चिन्हांशी देणेघेणे नव्हते. उपवाक्य खोटे निघाले तर मूळ विधान खरे राहते का, हा त्यांचा पेच. १७६५ मध्ये दिदरोच्या विश्वकोशात निकोला बोझे याने तोच भेद विरामचिन्हांना लावला: फोड करणारे उपवाक्य दोन स्वल्पविरामांत, कुंपणवाले त्यांच्याविना.

इंग्रजीत हा नियम घरोघर नेला लिंडली मरेच्या १७९५ च्या व्याकरणाने. मरे मूळचा न्यूयॉर्कचा वकील, तेव्हा ही वकिली काटेकोरपणाची देणगी, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. त्या काळचे इंग्रजी कायदेशीर दस्तऐवज विरामचिन्हांपासून चार हात दूरच राहत. स्वल्पविरामाचा आदर त्याला कोर्टात कुठून मिळणार? शिवाय तो स्वतःला संकलकच म्हणवत असे. नामाचा अर्थ आवळणाऱ्या उपवाक्याआधी स्वल्पविराम नको, हा त्याचा नियम म्हणजे पोर-रॉयालचे कुंपणच. त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १६८५ पासून उपलब्ध होते. वाट तिथून गेली असावी. पुढे १९२६ मध्ये कोशकार फाउलरने कुंपणाला ‘दॅट’ आणि जादा माहितीला ‘विच’ अशी वाटणी सुचवली. ती अर्धीमुर्धीच पाळली जाते.

मराठीत विरामचिन्हे रुळवली मेजर कँडीने, इंग्रजीवरूनच. पण हा नियम काही सोबत आला नाही. ‘जे उशिरा आले, ते बाहेर थांबले’ यात उपवाक्य अत्यावश्यक, तरी स्वल्पविराम हजर. म्हणून इंग्रजी लिहिताना ‘जो-तो’ची सवय बाजूला ठेवा आणि आधी भाऊ मोजा.