डीएनएस आणि मार्गनिर्धारण
इंटरनेटवरील नावांना आकडी पत्ते जोडणारी विखुरलेली नोंदव्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मॉकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली. डहाणू तालुक्यातील वरोरमध्ये मोबाइलवर ‘.भारत’ने संपणारे नाव टाइप केले, की आधी पत्ता मिळतो. पुढची वाट राउटर ठरवतात. मग कोणता पत्ता कोणत्या जाळ्यामागे आहे, हेही डीएनएसमध्येच का नोंदवू नये? १९२.०.२.५ हा पत्ता उलटा, ५.२.०.१९२ असा लिहून शोधण्याची सोय तिथे आहेच, आणि साठवलेल्या नोंदींमुळे उत्तरही झटपट मिळते. पण डीएनएस सर्व्हर गाठायलाच आधी वाट लागते. शिवाय साठवलेली नोंद नुकत्याच तुटलेल्या दुव्याची खबर देत नाही. म्हणून डीएनएस मार्गनिर्धारणाला पूरक ठरते. त्याची जागा ती घेऊ शकत नाही.