घाट एक, नोकरीच्या भाषा दोन : कन्नड ते चाळीसगाव

१. आज ‘इंग्रजी आले की नोकरी मिळते’ हे वाक्य कन्नडच्या प्रत्येक शिकवणी वर्गाच्या फलकावर शोभेल. परंतु शंभर वर्षांपूर्वी याच कन्नड तालुक्यात नोकरीची भाषा वेगळीच होती. ती ना इंग्रजी होती, ना मराठी.

२. कन्नडहून औट्रम घाट उतरला की चाळीसगाव येते. आज हा केवळ दोन जिल्ह्यांमधला रस्ता आहे. १९४८ पर्यंत मात्र ती दोन राजवटींची सीमा होती. घाटमाथ्यावर निजामाचे हैदराबाद संस्थान, पायथ्याशी ब्रिटिशांचा खानदेश.

३. खानदेश १८१८ साली इंग्रजांकडे गेला. १८३७ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या कारभारातून फारसी हटवण्याचा मार्ग खुला झाला. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य देण्याचा ठराव केला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले.

४. चाळीसगावच्या बाजूला तालुक्याचे दप्तर मराठीत चाले. पण वरच्या पदांची, वकिलीची आणि रेल्वेच्या चांगल्या जागांची पायरी इंग्रजीची होती. मॅट्रिक होणे म्हणजे इंग्रजी येणे, असे समीकरणच झाले.

५. घाटावरचे चित्र निराळे होते. हैदराबादेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसी ही राज्यभाषा राहिली. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. कन्नडच्या मराठी घरातील मुलाला कारकून व्हायचे असेल, तर उर्दू लिहिता येणे अपरिहार्य होते.

६. १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठ जन्मास आले. उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. त्यासाठी स्वतंत्र अनुवाद विभाग उभारला गेला. इंग्रजी विषय मात्र सक्तीचा होता. भारतीय भाषेत आधुनिक ज्ञान आणण्याचे हे मोठे कार्य होते. पण संस्थानातील बहुसंख्य प्रजेची ती मातृभाषा नव्हती. मराठी, तेलुगू, कन्नड भाषकांसाठी उर्दूही शिकावीच लागणारी भाषा होती.

७. १९३८ साली वंदे मातरम् चळवळीत औरंगाबाद व हैदराबादच्या विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. कित्येकांनी नागपूर विद्यापीठ गाठले. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच. राज्याची सीमा ओलांडताच शिक्षणाचे माध्यमही बदलत होते.

८. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि नोकरीचे गणित उलटले. उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. कचेऱ्यांतून उर्दू मागे सरली. उर्दूवर आयुष्य उभारलेल्या हिंदू-मुस्लिम कारकुनांचे कौशल्य पाहता पाहता बाजारातून उतरले. त्यांची बुद्धी तीच होती. बदलला होता तो नोकरी देणारा.

९. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले; तेच पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झाले. ज्या समाजांना पूर्वी कोणत्याच राज्यभाषेची पाटी लाभली नव्हती, त्यांच्यासाठी हे दार होते. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले. २००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केले.

१०. इतिहासाने पुढे आणखी एक वळण घेतले. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. तेव्हा जुने उर्दू व मोडी कागद वाचू शकणाऱ्या जाणकारांची गरज भासली. ज्या अक्षरांना कालबाह्य ठरवले गेले, त्यांच्यावर हजारो कुटुंबांचे दाखले अवलंबून राहिले.

११. फारसी, उर्दू, इंग्रजी : दीडशे वर्षांत कन्नडच्या नोकरीची भाषा अशी बदलत गेली. एकही भाषा स्वभावतः श्रेष्ठ म्हणून आली नाही. दप्तर ज्याच्या हाती, त्याची भाषा चालली. म्हणून इंग्रजी जरूर शिकावी, ती आजच्या दाराची किल्ली आहे. पण कुलूप कोण बदलतो, हे ध्यानात ठेवावे. आणि आजोबांच्या पेटीतला उर्दू कागद रद्दीत घालू नये.