वाद्य गेले, सूर राहिले

राज्ये लयाला जातात, तशी वाद्येही लयाला जातात. मात्र त्यांच्यासाठी रचलेले संगीत त्यांच्याबरोबर जायलाच हवे का? इतिहासाचा शिक्षक म्हणून मला या प्रश्नाचे एक उत्तर युरोपात सापडले.

१८२३ च्या सुमारास व्हिएन्नातील गिटार-कारागीर योहान गेऑर्ग श्टाउफर याने एक नवे वाद्य घडवले. गिटारसारख्या सहा तारा, तसेच पडदे. पण गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचे. पुढे त्याला 'आर्पेजिओने' हे नाव मिळाले. १८२४ च्या नोव्हेंबरात फ्रान्ट्स शूबर्टने त्या वाद्यासाठी, पियानोच्या जोडीने, एक सोनाटा रचला. चार वर्षांनी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, शूबर्ट वारला. वाद्यही मागे पडले. सोनाटा छापून आला तो १८७१ साली! तोवर ते वाजवणार कोण उरले होते? म्हणून त्यात चेलोसाठीही सुरावट दिली गेली. आज ही रचना मुख्यतः चेलो आणि व्हायोला यांवरच ऐकू येते.

असे वाद्यांतर म्हणजे नुसती नक्कल नव्हे. सहा तारांचे काम चार तारांवर करायचे असते. व्हायोलावर मूळचे सर्वांत खालचे सूर नाहीत. ते एक सप्तक वर घ्यावे लागतात. चेलोवर ते आहेत, पण वरच्या सप्तकातील चपळ जागा तेथे अवघड जातात. काय राखावे आणि काय सोडावे, याचा निर्णय पावलोपावली करावा लागतो.

ही मुळाशी प्रतारणा आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. मूळ वाद्याचाच हट्ट धरला असता, तर हा सोनाटा कागदावरच राहिला असता. मात्र विसाव्या शतकात जुन्या नमुन्यांवरून आर्पेजिओने पुन्हा घडवले गेले, त्यावर हा सोनाटा वाजवला गेला आणि वाद्यांतरात काय निसटले होते तेही कळले.

आपल्या पेटीचेच पाहा. ती मूळची युरोपातली. गळ्यातली मींड तिच्यावर निघत नाही, तरीही तिने आपल्या गाण्याची साथ केलीच.

आपण दोन भाषांत नांदणारी माणसे. आजीची गोष्ट नातवाला कन्नडमध्ये सांगावी लागली, तर खुशाल सांगावी. काही जागा निसटतील, पण गोष्ट जगेल. फक्त सांगणाऱ्याला ती मुळातून येत असावी. मूळ सुरावट हाती असेल, तरच तिचे वाद्यांतर करता येते. म्हणून घरातले मराठी पुस्तक रद्दीत घालू नये, एवढेच माझे मागणे आहे.