खेळ : उपचाराचाच एक भाग

घरात कोणी अपंग असेल किंवा दीर्घ दुखण्याने अंथरुणाला खिळलेले असेल, तर आपण त्याच्या औषधपाण्यात काही कमी पडू देत नाही. परंतु त्याने खेळावे, गावे, हे मात्र आपणांस सुचत नाही. 'आधी बरा होऊ दे, मग खेळ' असे आपण म्हणतो. इतिहासाचा दाखला मात्र निराळा आहे.

तुर्कस्तानातील एदिर्ने शहरी सुलतान बायझीद दुसरा याने १४८८ साली एक दारुश्शिफा, म्हणजे रुग्णालय, बांधून पुरे केले. तेथे मनोरुग्णांसाठी दहा गायक-वादक नेमलेले असून ते आठवड्यातून तीन वेळा रुग्णांना गाणे-बजावणे ऐकवीत, असे सतराव्या शतकातील प्रवासी एवलिया चेलेबी याने लिहून ठेवले आहे. आपल्या पूर्वसूरींचे हे कार्य आज आपणांसच ठाऊक नाही!

शरीराच्या अपंगत्वावर खेळाचा उपचार पुढे फार उशिरा आला. पाठीच्या कण्याला इजा झालेला मनुष्य पूर्वी शय्याव्रण व मूत्रमार्गाचे विकार यांनी बहुधा लवकरच दगावत असे. जर्मनीतून परागंदा झालेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे अशा जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला आणि खेळाला थेट उपचारातच स्थान दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, त्यांनी चाकाच्या खुर्चीतील १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ हेच होय.

याच मार्गाने आपल्या महाराष्ट्राचा एक सुपुत्र गेला. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कमरेखालचे शरीर लुळे पडले आणि एक गोळी तर कण्यातच राहिली. मुंबईच्या नौदल रुग्णालयात त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला, तो उपचार म्हणून. विहिरीत पोहणाऱ्या आपल्या मुलांना हे चटकन कळेल : पाण्यात अंगाचा भार पाणीच पेलते. त्यामुळे पाय साथ देत नसले तरी हात, खांदे व छाती यांना भरपूर काम मिळते, दम वाढतो. पेटकर १९६८ साली तेल अवीवला टेबल टेनिस खेळले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळण्यास मात्र २०१८ साल उजाडले. छेचाळीस वर्षे! याला काय म्हणावे?

पदक मिळाले नाही म्हणून उपचार वाया जात नाही. आपल्या विदर्भातच, वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी स्थापिलेल्या आनंदवनात, डॉ. विकास आमटे यांनी 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला. कुष्ठमुक्त, अंध व अपंग कलावंत त्यात गातात, वाजवितात, नाचतात आणि गावोगावच्या रंगमंचांवर प्रयोग करतात. ज्यांना कोणी शेजारी बसवून घेत नव्हते, त्यांचा खेळ पाहण्यास लोक तिकीट काढतात.

आता पालकांसाठी एक माहिती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १६ अन्वये, शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने अशा मुलाला प्रवेश तर द्यावयाचाच, शिवाय खेळ व करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावयाची आहे. तेव्हा कवायतीच्या तासाला आपला मुलगा वर्गातच बसून राहत असेल, तर शिक्षकांना त्याचे कारण अवश्य विचारावे.