चंची आणि तुळशीची माळ

वसईच्या मोहिमेत आमच्या अंजूरच्या गंगाजी नाइकांचा मोठा वाटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, फिरंगी या मुलखातून गेला. त्यानेच हिंदुस्थानात आणलेली तंबाखू मात्र आपल्या चंचीत राहिली. माउलींनी १२९६ मध्ये समाधी घेतली, तेव्हा ही वस्तू या देशात नव्हतीच. म्हणूनच की काय, माळ घालताना आपण मद्यमांस सोडतो आणि तंबाखूचे कोणी विचारत नाही.

आमच्या दिंडीतले एक टाळकरी एकादशीला निर्जळ राहायचे. चिमूट मात्र ‘उपासाला चालते, बुवा’ म्हणायचे. कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी मीही त्यांच्यापुढे हात करी. चुन्याने गालाची आतली कातडी पोळते, तिथे तंबाखूचा अर्क मुरतो. त्यांच्या हिरड्या दातांपासून सुटल्या, मग गालात पांढरा चट्टा आला. तो दुखत नव्हता, म्हणून दाखवला नाही. तोंडात दोन बोटे जाईनात तेव्हा मुंबईच्या टाटा रुग्णालयात नेले. निदान कर्करोगाचे. गालाबरोबर जबड्याचा तुकडाही काढावा लागला.

२०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. साध्या तंबाखूची पुडी टपरीवर मिळतेच.

पुढच्या आषाढीला ते आले. ‘विठ्ठल’ म्हणताना जीभ वळेना. मी अभंग धरला, ते नुसता टाळ वाजवत राहिले. चंची मी चंद्रभागेकाठीच टाकली.