मैलापूरचे त्रेसष्ट

भयप्रधान अद्भुत व्हिडिओ गेमसाठी पात्रांचे वर्ग रचणारे बहुधा १९७४ च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'कडे वळतात. चेन्नईतल्या मैलापूरच्या कपालीश्वर मंदिरातून पंगुनी या तमिळ महिन्यात निघणारी त्रेसष्ट नायनमारांची, म्हणजे तमिळ शैव संतांची, मिरवणूक मला त्याहून समृद्ध नमुना वाटते. बाराव्या शतकात सेक्किळारांनी 'पेरियपुराणम्'मध्ये या संतांची चरित्रे रचली, ती व्रत आणि त्याची किंमत दाखवूनच: शिकारी कण्णप्प स्वतःचा डोळा बाणाने उपटून शिवलिंगाला लावतो, कारैक्काल अम्मैयार सौंदर्य टाकून पिशाचरूप मागते. संतांना खेळातल्या सोंगट्या करू नये, हा आक्षेप रास्तच आहे. पण इथे घ्यायची ती रचना, संत नव्हेत. गेममधले वर्ग सहसा बळ देतात; सेक्किळार आधी त्याग मागतात. हा त्याग बाहेर दिसलाच पाहिजे असेही नाही: खुद्द मैलापूरचे वायिलार तर मनातच देऊळ बांधून पूजा करत, आणि तरीही त्रेसष्टांत त्यांचे स्थान पक्के आहे.