शस्त्रहत चतुर्दशी आणि उज्जैन

पितृपक्षातील वद्य चतुर्दशीसमोर पंचांगात ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ अशी नोंद आढळते. मराठी गणनेने हा भाद्रपद, तर माळव्याच्या पूर्णिमान्त गणनेने आश्विन. त्यामुळे उज्जैनच्या मराठी आणि माळवी घरांत महिन्याचे नाव निराळे, तिथी मात्र एकच. शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी ही तिथी याज्ञवल्क्यस्मृतीने राखून ठेवली. पुढे ‘निर्णयसिंधू’ व ‘धर्मसिंधू’ या ग्रंथांनी तिच्या विधीचा ऊहापोह केला. अपघाताने वा विषाने गेलेल्यांचाही तीत समावेश होतो. तथापि रणात पडलेल्यांचे स्मरण हेच तिचे मूळ होय.

हे श्राद्ध एकोद्दिष्ट असते. एरवी पिता, पितामह व प्रपितामह यांना एकत्र आवाहन होते. येथे पिंड एकच आणि तो त्या एका मृताच्या नावाचा. युरोपात पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, लंडन व पॅरिस येथे अनामिक सैनिकाची समाधी उभारून सर्वांचे स्मरण एका ठिकाणी आणले गेले. चतुर्दशीची रीत याउलट आहे. येथे प्रत्येक घर आपल्या माणसाचे नाव व गोत्र उच्चारते.

उज्जैन हे शिंद्यांचे ठाणे. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. त्या वैभवाची किंमत घराण्याने सहा वर्षांत मोजली. जयाप्पा १७५५ मध्ये नागोर येथे मारेकऱ्यांच्या हातून गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर लढता लढता पडले. तुकोजी १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर कामी आले. जयाप्पांचे पुत्र जनकोजी त्याच रणानंतर कैदेत मारले गेले. घात, झुंज, पराभव, कैद अशी मरणे चार परींची. शास्त्राने त्या सर्वांना तिथी एकच दिली.

जुलै १८०१ मध्ये खुद्द उज्जैनपाशी यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दोन्हीकडे मराठ्यांचेच निशाण होते. क्षिप्रेकाठी सिद्धवटाखाली तर्पण करणाऱ्यास मृत कोणत्या बाजूने लढला, हे सांगावे लागत नाही. जय की पराजय, हाही प्रश्न नसतो.

या चतुर्दशीनंतर अकरा तिथींनी विजयादशमी येते. त्या दिवशी शस्त्रे पुजून मराठी फौजा सीमोल्लंघनास निघत. पंचांगाच्या क्रमात शस्त्रपूजनाआधी शस्त्राने गेलेल्यांना पाणी देण्याचा दिवस येतो.